तीन दशांश सेकंद

वीस मीटर म्हणजे किती? क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी जेमतेम वीस मीटर भरते. तेवढं अंतर जीव तोडून पळायचं, बाजूला उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक गेट वेळ मोजणार आणि त्या आकड्यावर तुमचं करिअर सुरू होणार की नाही याची चर्चा होणार. ऑस्ट्रेलियात दरवर्षी सतरा-अठरा वर्षांची मुलं या वीस मीटरसाठी महिनोन् महिने तयारी करतात. २.९ सेकंद आले तर मुलगा 'फास्ट'. ३.२ आले तर त्याच्या नावापुढे एक शेरा पडतो आणि तो पुढे कितीतरी वर्षं पुसला जात नाही : 'स्लो'.

फरक फक्त तीन दशांश सेकंदांचा. डोळ्याची पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ.

त्यात समजा पुढचाच आकडाही फारसा बरा नाही. म्हणजे दोन किलोमीटरची टाइम ट्रायल असते, त्यातही हा मुलगा शेवटच्या गटात धापा टाकत आला. ना वेग, ना दम. पण मॅचमध्ये पाहावं तर बॉल कायम याच्याच हातात! गर्दीतून बॉल हाच काढतो, योग्य माणसाला पास हाच देतो, चुका कमीत कमी करतो. मग अशा मुलाचं करायचं काय? त्याला आशा दाखवायची, की 'बाळा, अभ्यासाकडे बघ' म्हणून मोकळं व्हायचं?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लाडक्या 'फुटी'मध्ये, हा प्रश्न दर पिढीला नव्याने पडतो. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर दर पिढीतला कुणी ना कुणी 'स्लो' मुलगा देऊन जातो.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंड माहीत असतं ते बॉक्सिंग डे टेस्टमुळे. पण त्या एमसीजीवर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी क्रिकेटला होत नाही. ती होते सप्टेंबरच्या शेवटी, फुटीच्या ग्रँड फायनलला. लाखाच्या घरात माणसं. क्रिकेटशी या खेळाचं नातं तसं जन्माचंच. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रातून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटर सुस्तावतात, त्यांच्यासाठी काहीतरी मैदानी खेळ हवा. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. म्हणून तर हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबगोल मैदानांवर खेळला जातो.

प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. मैदान दीडशे मीटरहून लांब असू शकतं, सॉकरच्या मैदानापेक्षा कितीतरी ऐसपैस. बॉल अंडाकृती, त्यामुळे टप्पा पडल्यावर तो कुठे उडेल याचा नेम नाही. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण दर पंधरा मीटरला एकदा तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. पास द्यायचा तर लाथेने, नाहीतर एका तळहातावर बॉल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून. याला म्हणतात हँडबॉल. फेकायला सक्त मनाई. लांबून लाथाडलेला बॉल हवेत झेलला की 'मार्क', म्हणजे समोरच्यांना बाजूला थांबावं लागतं आणि तुम्हाला निवांत किक मिळते. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की सहा पॉइंट, शेजारच्या छोट्या फटीतून गेली की एक.

वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर. पण थांबलेला वेळ वाढवून देत असल्यामुळे प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मिडफिल्डर एका मॅचमध्ये बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो. त्यातही सरळ संथ पळणं नाही; स्प्रिंट, धडक, पडणं, उठणं, परत स्प्रिंट. बेंचवरच्या खेळाडूंशी अदलाबदल करता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. २०२१ पासून एका टीमला मॅचमध्ये फक्त ७५ अदलाबदली करता येतात. म्हणजे दमलात म्हणून हवं तेव्हा बाहेर येऊन बसलात, असं नाही.

आता कळलं असेल, की कोच लोक वेग आणि दम यांच्यामागे एवढे हात धुऊन का लागलेले असतात.

बारावी आणि ड्राफ्ट, दोन्ही एकदमच

व्यावसायिक लीगचं नाव एएफएल. सध्या १८ क्लब. तिथे खेळाडू घ्यायची पद्धत आपल्या आयपीएलसारखी लिलावाची नाही. ड्राफ्ट असतो. वर्षअखेरीला क्लब क्रमाक्रमाने एकेक मुलगा उचलतात, आणि तळाला राहिलेल्या टीमला आधी संधी मिळते. मुलाने कुठे खेळायचं हे मुलगा ठरवत नाही. पर्थचा मुलगा मेलबर्नला जाईल, ॲडलेडचा ब्रिस्बेनला. सगळ्या देशातून नॅशनल ड्राफ्टमध्ये साधारण साठ-सत्तर नावं पुकारली जातात. बाकीच्या हजारोंनी टीव्ही बंद करायचा.

त्याआधी ऑक्टोबरच्या सुमारास निवडक मुलांना ड्राफ्ट कम्बाइनसाठी बोलावतात. तिथे वीस मीटर स्प्रिंट, उभ्याने आणि पळत येऊन मारलेली उंच उडी, वळणावळणाची ॲजिलिटी टेस्ट, दोन किलोमीटर टाइम ट्रायल. पूर्वी दोन किलोमीटरच्या जागी बीप टेस्ट असायची. उंची, वजन, हातांची लांबी, सगळं मोजतात. मुलाखतीही होतात.

आणि हे सगळं येतं नेमकं कधी? व्हिक्टोरिया राज्यात बारावीची परीक्षाही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच असते. म्हणजे एकाच महिन्यात इकडे पेपर, तिकडे ड्राफ्ट. बोर्ड, सीईटी आणि जेईई एकाच वर्षात झेललेल्या आपल्या वाचकांना ते टेन्शन वेगळं समजावून सांगायला नको.

३६ नंबरचा सॅम

आता एका मुलाची गोष्ट. नाव सॅम मिचेल. ऑक्टोबर १९८२ चा जन्म. मेलबर्नच्या पूर्व भागातल्या ज्युनियर टीमकडून खेळायचा. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, वेग बेताचाच. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये तो होता. एकेका क्लबने एकेक नाव घेतलं. सॅमचं नाव कुणीच घेतलं नाही.

अठरा वर्षांच्या मुलासाठी हा केवढा मोठा फटका असेल! पण पुढच्या वर्षी तो बॉक्स हिलला गेला, व्हीएफएलमध्ये. ही व्हिक्टोरियाची खालची लीग. तिथे त्याच्या वयाची मुलं कमी आणि दाढीमिशावाले, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे तगडे बाप्ये जास्त. त्या वर्षी बॉक्स हिलने व्हीएफएलचं विजेतेपद मिळवलं.

२००१ चा ड्राफ्ट फुटीच्या इतिहासात 'सुपर ड्राफ्ट' म्हणून ओळखला जातो. पहिल्या नंबरवर हॉथॉर्नने घेतलं ल्यूक हॉजला. दुसरा ल्यूक बॉल. तिसरा ख्रिस जड, ज्याचा वेग पाहून लोक तोंडात बोटं घालायचे. आणि ३६ नंबरवर हॉथॉर्नने पुकारलं सॅम मिचेलचं नाव.

पुढचं रेकॉर्ड बघा. २००२ मध्ये एएफएल पदार्पण, त्याच वर्षी व्हीएफएलचा सर्वोत्तम खेळाडू. २००३ मध्ये एएफएलचा 'रायझिंग स्टार', म्हणजे सर्वोत्तम युवा खेळाडू. २००८ मध्ये तो हॉथॉर्नचा कॅप्टन होता आणि फायनलला समोर होती जिलॉन्गची टीम. लीगच्या २२ मॅचमध्ये फक्त एक हरलेली! हॉथॉर्नने तिला हरवलं. मग २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन विजेतेपदं. क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान पाच वेळा. एएफएलच्या एकूण ३२९ मॅचेस.

ब्राउनलो मेडल हा लीगमधला सगळ्यात मानाचा वैयक्तिक पुरस्कार. २०१२ मध्ये सॅम त्यात संयुक्त दुसरा आला होता. पण विजेत्या जोब वॉटसनचं मेडल त्याच्या क्लबच्या सप्लिमेंट प्रकरणामुळे २०१६ मध्ये गेलं, आणि चार वर्षं उशिरा ते सॅम मिचेल आणि ट्रेंट कॉचिन या दोघांना विभागून मिळालं. इथेही सॅम उशिराच पोचला. पण पोचला!

डिझेल गाडी

सॅमच्याही आधीची पिढी बघायची तर ग्रेग विल्यम्स. टोपणनाव 'डिझेल'. बेंडिगो भागातला. सुरुवातीला कार्लटन क्लबकडे ट्रायलला गेला तर त्यांनी परत पाठवलं. कारण तेच, पळण्यात हळू. शेवटी १९८४ मध्ये जिलॉन्गने संधी दिली. १९८६ मध्ये तो सिडनीला गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये ब्राउनलो मेडल घेऊन आला, तेही रॉबर्ट डिपिएरडोमेनिकोबरोबर विभागून. १९९४ मध्ये दुसरं ब्राउनलो. तेव्हा तो कुठल्या क्लबकडून खेळत होता? कार्लटन. ज्यांनी नको म्हटलं होतं तेच. १९९५ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने पाच गोल मारले, मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्लटन चॅम्पियन झालं. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या 'शतकातल्या सर्वोत्तम संघा'तही त्याचं नाव आहे.

शंभर वर्षांच्या इतिहासातून निवडलेल्या टीममध्ये एक असा माणूस, ज्याला पळता येत नाही म्हणून नाकारलं होतं. आता प्रश्न पडतो, की हे जमतं कसं? नशीब म्हणून सोडून द्यायचं, की त्यामागे काही हिशेब आहे?

हिशेब मांडू या

हिशेब आहे, आणि तो शाळेतल्या गणिताचा आहे. वीस मीटर २.९ सेकंदांत पळणारा मुलगा सरासरी सेकंदाला जवळपास सात मीटर जातो. ३.२ वाला त्याच्या तीन दशांश सेकंद मागे, म्हणजे अंतरात मोजलं तर साधारण दोन मीटर मागे. दोन मीटर म्हणजे फार झालं, बॉल गेलाच हातचा.

पण टेस्टमध्ये दोघं एकाच रेषेवरून निघतात. मॅचमध्ये अशी रेषा नसते. बॉल कुठे पडणार, समोरचा कुठे पास देणार, हे ज्याला अर्धा सेकंद आधी कळलं, तो अर्धा सेकंद आधी निघाला. त्याने तीन दशांश भरून काढले आणि वर दोन दशांश शिल्लक राहिले. स्टॉपवॉच पाय सुटल्यापासून मोजतं. डोकं कधी सुटलं हे त्याला दिसत नाही.

आणि फुटीमध्ये बॉल मिळवण्याच्या बऱ्याच लढती वीस मीटरच्या नसतातच. त्या असतात दोन-तीन मीटरच्या, आठ-दहा जणांच्या गराड्यात. तिथे पूर्ण वेग लागायला जागाच नसते. आपल्या मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : वेगवान आणि चपळ. कबड्डी पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. चढाई करणारा काही शंभर मीटर पळत नाही. खांदा एकीकडे दाखवून पाय दुसरीकडे टाकतो.

मग येतं हाताचं आणि पायाचं काम. विल्यम्सचा हँडबॉल एवढा अचूक होता, की बॉल समोरच्याच्या छातीशी जाऊन पोचायचा, त्याला धाव तोडावी लागायची नाही. म्हणजे स्वतः न पळता तो दुसऱ्याच्या वेगाचा उपयोग करून घ्यायचा. आणि सॅम मिचेल दोन्ही पायांनी सारखीच किक मारायचा, इतकी सारखी की बघणाऱ्याला याचा मूळ पाय कोणता हे पटकन सांगता येऊ नये. याचा फायदा काय? एकच पाय चालणाऱ्या खेळाडूला किकसाठी अंग वळवावं लागतं. त्यात वेळ जातो आणि बचाव करणाऱ्याला दिशा आधीच कळते. दोन्ही पाय चालले की ज्या बाजूला मोकळं आहे त्या बाजूला सरळ किक. वळायचा वेळ वाचला. ते तीन दशांश परत सापडले, या वेळी डाव्या पायात!

हे कौशल्य जन्मतः मिळत नाही, बरं का. नावडत्या पायाने रोज शेकडो किक मारण्याचा कंटाळवाणा उद्योग कुणीतरी वर्षानुवर्षं करतं, तेव्हा ते येतं. आणि त्याची टेस्ट कम्बाइनमध्ये वीस मीटरइतकी चर्चेत नसते.

दम वाढतो, वेग हट्टी असतो

आपल्या त्या काल्पनिक मुलाला जर खरंच सल्ला द्यायचा असेल तर पहिली गोष्ट : वेग आणि दम हे दोन्ही एकाच पिशवीत टाकू नकोस.

पळण्याचा कमाल वेग बराचसा अंगातच असतो. स्नायूंमध्ये झटकन आकुंचन पावणारे तंतू किती आणि संथ पण चिवट तंतू किती, यात आई-वडिलांकडून आलेला वाटा मोठा. पायांची ताकद वाढवून, पळण्याची ढब सुधारून पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये फरक पाडता येतो. फुटीत तेवढाही कामाला येतो. पण ३.२ वाला २.८ वर येईल, असं कुणी सांगत असेल तर तो फी मागायच्या तयारीत आहे, असं समजावं.

दमाचं तसं नाही. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशी ऑक्सिजन चांगला वापरू लागतात. याला दोन आठवडे पुरत नाहीत. महिने लागतात, वर्षं लागतात. म्हणूनच एएफएल क्लबमध्ये आलेल्या नव्या मुलाला पहिल्या दोन-तीन प्री-सीझनमध्ये वेगळंच घडवतात. सतराव्या वर्षी अंग पुरतं भरलेलंही नसतं. शाळा, प्रवास, परीक्षा सांभाळून आठवड्याला दोन-तीनदा सराव करणारा मुलगा आणि पूर्ण वेळ तेच काम करणारा खेळाडू, यांच्या दमाची तुलना करणंच चूक.

पण इथे एक धोका आहे. घाबरलेला मुलगा ड्राफ्टच्या आधी सहा आठवड्यांत सगळं भरून काढायला जातो. रोज छाती फुटेस्तोवर पळतो. परिणाम? मांडीच्या मागचा स्नायू. हॅमस्ट्रिंग ही एएफएलमधली सगळ्यात नेहमीची दुखापत. दम हळूहळू वाढवायचा असतो, हे सांगायला सोपं आणि नोव्हेंबर डोक्यावर असताना पाळायला कठीण.

अजून एक मुद्दा वयाचा. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला, दोघांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. सतराव्या वर्षी ते अंतर खांद्यांत, मांड्यांत दिसतं. निवड करणाऱ्यांना मोठा मुलगा 'टॅलेंटेड' वाटतो आणि लहान मुलगा 'कमी पडतो'. ही गोष्ट जगभरातल्या युवा खेळांत दिसून आली आहे. सॅमचा जन्म ऑक्टोबरचा होता, हे लक्षात असेलच.

जागा कोणती?

दुसरा सल्ला जागेचा. मैदानावर सगळ्यांना सारखंच पळावं लागत नाही. विंगवर, म्हणजे बाजूच्या पट्ट्यात, दम नसेल तर निभाव लागत नाही. गोलपुढच्या छोट्या फॉरवर्डला पहिल्या पाच मीटरचा स्फोट लागतो. पण मधल्या झटापटीतून बॉल काढणाऱ्याला, ज्याला तिथे 'इनसाइड मिडफिल्डर' म्हणतात, त्याला लागतात भक्कम मांड्या, स्वच्छ हात आणि गर्दीतही शांत राहणारं डोकं. हळू खेळाडूंची मोठी नावं बहुतेक याच जागेवरची आहेत.

तरी एक कडू गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन्हीपैकी एक तरी हवंच. वेग नाही, पण चौथ्या क्वार्टरलाही पहिल्याइतकाच पळतोय, असा खेळाडू चालतो. दम बेताचा, पण प्रत्येक झेप विजेसारखी, असाही चालतो. दोन्ही नाही आणि दोन्ही सुधारतही नाही, तर वरच्या लीगमध्ये हुशारी एकटी किल्ला लढवू शकत नाही. कारण तिथे समोरचाही हुशार असतो, आणि वर पळतोही. म्हणून आपल्या मुलाचं भवितव्य खरं तर दोन किलोमीटरमध्ये आहे. वीस मीटरवाला शेरा राहू दे. दोन किलोमीटरचा आकडा दर वर्षी खाली येतोय का, हे बघायचं.

मागची दारं

तिसरी गोष्ट : अठराव्या वर्षी पुकारलेली यादी ही शेवटची यादी नसते. मॅट प्रिडिस हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा मिडफिल्डर. ड्राफ्टमध्ये त्याला वरचेवर डावललं गेलं. तो आपला तिथल्या स्थानिक लीगमध्ये, सुबियाकोकडून, बॉल गोळा करत राहिला. शेवटी वेस्ट कोस्ट ईगल्सने त्याला घेतलं तेही रूकी म्हणून, म्हणजे मुख्य यादीच्या बाहेरचा, उमेदवारी करणारा. २००६ मध्ये पदार्पण, त्याच वर्षी स्थानिक लीगचं सर्वोच्च मेडल, आणि २०१४ मध्ये ब्राउनलो. कुणाच्या अंदाजात त्याचं नाव पुढे नव्हतं. निकाल लागला तेव्हा सगळा हॉल चकित!

२०१९ पासून तर सीझनच्या मध्येही एक छोटा ड्राफ्ट परत सुरू झालाय. त्याच वर्षी रिचमंडने त्यातून मार्लियन पिकेटला घेतलं. वय २७. एएफएलची एकही मॅच न खेळलेला हा माणूस पहिली मॅच खेळला ती थेट ग्रँड फायनल, आणि विजेतेपदाचं मेडल गळ्यात घालूनच बाहेर आला. १९५२ नंतर पहिल्यांदाच कुणी ग्रँड फायनलमध्ये पदार्पण केलं होतं.

अशा गोष्टी वाचून छान वाटतं. पण त्यांच्यावर हवाला ठेवून बसणंही बरोबर नाही. एक सॅम मिचेल होतो तेव्हा तितक्याच मेहनती शंभर मुलांची नावं आपल्याला कधी कळतही नाहीत. ज्यांची नावं पुकारली जातात त्यांचाही पहिला करार दोन-तीन वर्षांचाच असतो, आणि कितीतरी जण तेवढ्यातच बाहेर पडतात. म्हणून तिथले शहाणे आई-वडील बारावीचे पेपर सोडू देत नाहीत. आणि एएफएल नाही मिळालं म्हणून खेळ संपतही नाही. गावोगावच्या क्लबमध्ये शनिवारी सुतार, शिक्षक, शेतकरी, डॉक्टर एकाच जर्सीत उतरतात. बॉक्स हिलला सॅमला शिकवणारे असेच लोक होते.

आपल्या यो-योचं काय?

हा प्रश्न फक्त मेलबर्नचा नाही, हे एव्हाना जाणवलं असेल. २०१७ च्या सुमारास भारतीय क्रिकेटमध्ये यो-यो टेस्ट आली आणि तो शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. पुढे दोन किलोमीटरची टाइम ट्रायलही आली. मुंबईच्या सर्फराज खानबद्दल तर वर्षानुवर्षं दोन वाक्यं एका दमात बोलली गेली : 'रणजीत धावांचा डोंगर' आणि 'पण फिटनेस?' शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध त्याला कसोटी कॅप मिळाली. पहिल्या डावात ६२, दुसऱ्यात नाबाद ६८. ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५०. तरीही चर्चा संपली नाही, आणि ती पूर्ण चुकीचीही म्हणता येणार नाही. कारण टेस्ट खोटं बोलत नाही. ती फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून १६०० मीटरचा सराव करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, की ग्राउंडचे मार्क वेगळे आणि पेपरचे वेगळे. यादी लागते ती दोन्हींची बेरीज करून.

निवड करणाऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी. सेकंद मोजता येतात, तक्त्यात लिहिता येतात, चुकलं तर 'आकडे तर असे होते' म्हणून बोट दाखवता येतं. 'या मुलाला खेळ आधी दिसतो' हे कुठल्या रकान्यात लिहायचं? त्यासाठी पावसात उभं राहून त्याच्या दहा मॅच बघाव्या लागतात.

मेलबर्नमध्ये आता मराठी कुटुंबंही चांगली रुळली आहेत. गणपती आणि फुटीच्या फायनल्स बऱ्याचदा एकाच सुमाराला येतात, आणि तिथे वाढणारी आपली मुलं शाळेत क्रिकेटची बॅट आणि अंडाकृती बॉल दोन्ही हाताळतात. त्यांच्यातल्याही एखाद्याच्या घरी आज हाच प्रश्न चर्चेला असेल, की मुलगा हुशार खेळतो, पण पळतो कमी.

सॅम मिचेल २०२२ पासून हॉथॉर्नचा मुख्य कोच आहे. २०२४ मध्ये त्याच्या तरुण टीमने सीझनच्या पहिल्या पाचही मॅच हरल्या. लोक हसले. तीच टीम त्या वर्षी फायनल्समध्ये दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचली. दर नोव्हेंबरला त्याच्या क्लबसमोरही मुलांच्या याद्या असतात. नाव, उंची, वीस मीटर, दोन किलोमीटर. त्यातल्या एखाद्या ३.२ समोर पेन टेकवताना हा माणूस बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त वेळ थांबत असेल, असं आपलं आम्हाला वाटतं.